पंच नसलेला खेळ

क्रिकेटला पंच असतो, टेनिसला उंच खुर्चीवर बसलेला अधिकारी असतो. खो-खोच्या साध्या डावालाही कोणी तरी तिऱ्हाईत निकाल देणारा लागतो. गोल्फची गोष्ट निराळी आहे. मोठ्या स्पर्धा सोडल्या तर या खेळांत खेळणाराच साक्षीदार, तोच फिर्यादी आणि तोच न्यायाधीश. चेंडू झुडपांत शिरला म्हणजे तेथें त्याच्याखेरीज पाहणारें कोणी नसतें. एडिंबरोजवळच्या लीथ येथें १७४४ सालीं या खेळाचे जे नियम लिहिले गेले ते अवघे तेरा होते; आज त्यांचें पुस्तक एखाद्या कायद्याच्या ग्रंथासारखें झालें आहे. २०१९ सालीं चौतीस नियमांचे चोवीस करण्यांत आले आणि २०२३ सालीं अपंग खेळाडूंसाठीं पंचविसावा जोडला गेला. पण कलमें कमी झालीं म्हणून शंकाही कमी झाल्या, असें मात्र नाहीं.

पनवेल तालुक्यांत, खारघरच्या डोंगरांच्या पायथ्याशीं, सिडकोनें तयार केलेलें गोल्फचें मैदान आहे. समजा, श्रावणांतल्या एका रविवारीं एक डॉक्टर, एक वकील, एक व्यापारी आणि एक निवृत्त इंजिनिअर असे चार स्नेही तेथें खेळावयास उतरले आहेत. बक्षीस नाहीं, प्रेक्षक नाहींत; हरेल त्यानें सर्वांना मिसळ द्यावयाची, एवढीच पैज. अशा फेरींत नियमांचा काथ्याकूट कशाला, असें पुष्कळांस वाटतें. परंतु अडचणी नेमक्या अशाच फेरींत अधिक येतात. विचारावयास समितीचा कोणी सभासद जवळ नसतो, आणि मैत्रीची भीड मात्र चारही बाजूंनीं असते. भीड ही भिकेची बहीण, हें व्यवहारापुरतेंच खरें नाहीं.

कोंकणच्या पावसांत पहिली तक्रार पाण्याची. डॉक्टरांचा चेंडू ओल्या गवतांत आहे. बूट टेकतांच चिखल फुगतो. हें साचलेलें पाणी कीं नुसता ओलावा? नियम येथें स्पष्ट आहे. खेळाडू नेहमींप्रमाणें उभा राहिला असतां, किंवा राहण्यापूर्वीं, जमिनीवर पाणी दिसत राहिलें पाहिजे. पाय मुद्दाम दाबून वर काढलेलें पाणी हिशेबांत नाहीं. पाऊल पडतांच क्षणभर चमकून नाहींसें होणारेंही नाहीं. पाणी खरोखर असेल तर बिनदंड सवलत मिळते: पाण्यापासून पूर्ण सुटका होईल अशी सर्वांत जवळची जागा शोधावयाची आणि तेथून एका काठीच्या अंतरांत, होलच्या अधिक जवळ न जातां, गुडघ्याच्या उंचीवरून चेंडू सोडावयाचा. पण जवळची जागा म्हणजे सोईची जागा नव्हे. ती काटेरी झुडपांत निघाली तर तीच. चेंडू आधीं उचलून मग ही जागा पाहणारा फसतो, कारण विचार बदलून तो परत होता तेथें ठेवावयाचा झाला तर एक टोला दंड बसतो. म्हणून डोळ्यांनीं आधीं सर्व मापून घ्यावें आणि हात मागाहून घालावा.

पावसाळी जमिनींत चेंडू रुतला तर काय, याचा वाद त्या मानानें लवकर मिटतो. आपल्याच टोल्यानें पडलेल्या खळग्यांत तो बसला असेल आणि त्याचा कांहीं भाग जमिनीच्या पातळीखालीं असेल, तर वाळूचे खड्डे आणि दंडक्षेत्रें वगळतां मैदानावर बहुतेक सर्वत्र सवलत आहे. रुतला आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं उचलावयाचा तर आधीं जागेची खूण करावी, आणि चिखल पुसूं नये.

हरवलेल्या चेंडूचें प्रकरण अधिक नाजूक आहे, आणि मित्रामित्रांत खरा बेबनाव येथेंच होतो. व्यापारीमहाशयांचा टोला उजवीकडच्या दाट गवतांत गेला. त्यांनीं खिशांतून दुसरा चेंडू काढला आणि "आणखी एक मारतों" असें म्हणून तडाखा दिला. त्या तीन शब्दांनीं त्यांचें नुकसान केलें. हा चेंडू तात्पुरता आहे, असें मारण्यापूर्वीं स्पष्ट सांगितलें नाहीं तर दुसरा चेंडूच खरा ठरतो. पहिला सांपडला तरी तो मेलेला, आणि एका टोल्याचा दंड शिवाय. "तात्पुरता" हा शब्द उच्चारला असता तर पहिला शोधण्यास तीन मिनिटें मिळालीं असतीं. २०१९ पूर्वीं हीं मिनिटें पांच होतीं, त्यामुळें जुने खेळाडू अजूनही घड्याळाशीं वाद घालतात. कांहीं मंडळी चेंडू नाहींसा झाला असतां "येथेंच कोठें तरी गेला असेल" असें म्हणून दुसरा टाकतात आणि दोन टोले वाढवून घेतात. असा एक मार्ग नियमपुस्तकांत आहे खरा. पण तो त्या मैदानाच्या समितीनें स्थानिक नियम म्हणून स्वीकारलेला असेल तरच. चौघांनीं उभ्याउभ्या ठरवून तो निर्माण करतां येत नाहीं.

कुत्र्यानें किंवा कावळ्यानें चेंडू पळविला तर हसण्याची गोष्ट होते, पण नियम गंभीर आहे. थांबलेला चेंडू प्राण्यानें उचलल्याचें कोणी पाहिलें असेल, किंवा तसें झाल्याची जवळजवळ खात्री असेल, तर अंदाजानें मूळ जागीं चेंडू ठेवावयाचा, दंड नाहीं. नुसता संशय असेल तर तो हरवलेलाच. "कावळ्यानेंच नेला असेल" हें वाक्य पुराव्याच्या जागीं चालत नाहीं. वकीलसाहेबांना तरी हें सांगण्याची गरज पडूं नये.

आतां खरा प्रश्न. इंजिनिअरांनीं काठी मागें नेतांना गवतांतला चेंडू किंचित् हलला, आणि तें डॉक्टरांनीं पाहिलें. डॉक्टरांनीं काय करावें? याचें उत्तर खेळ कोणत्या प्रकारचा आहे यावर आहे. दोघांचा समोरासमोर सामना असेल, म्हणजे कोणी किती होल जिंकलीं एवढाच हिशेब असेल, तर प्रतिस्पर्ध्याची चूक पाहूनही ती सोडून देण्याचा अधिकार नियम देतो. परंतु दोघांनीं मिळून, नियम ठाऊक असतांना, "जाऊं दे, हा दंड धरूं नये" असें ठरविलें तर दोघेही बाद होतात. गप्प बसण्याची मुभा आहे, संगनमताची नाहीं. ज्यांना हा भेद कीस काढल्यासारखा वाटेल त्यांनीं असें पाहावें कीं, पहिल्या बाबतींत एकजण आपलाच हक्क सोडतो. दुसऱ्या बाबतींत दोघे मिळून नियमच रद्द करूं पाहतात. याच्या उलट, शंका प्रामाणिक असेल आणि दोघांनीं चर्चा करून एक निर्णय मान्य केला, तर तो पुढें पुस्तकाप्रमाणें चुकीचा ठरला तरी त्या सामन्यापुरता कायम राहतो. अज्ञानाला नियमांनीं बरीच क्षमा केली आहे.

एकूण टोले मोजण्याचा खेळ असेल तर मात्र डॉक्टरांना गप्प बसतां येत नाहीं, कारण तेथें इतर सर्व खेळाडूंचाही संबंध येतो. दंड कोणता? खेळाडूनेंच चेंडू हलविला हें निश्चित किंवा जवळजवळ निश्चित असेल तर एक टोला, आणि चेंडू परत जागेवर. शोधतांना तो चुकून हलला, किंवा होलभोंवतालच्या हिरवळीवर हलला, तर दंड नाहीं. बॉबी जोन्सच्या चेंडूचें असेंच झालें होतें. १९२५ च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेंत, वूस्टर येथें, उंच गवतांत चेंडू हलल्याचें दुसऱ्या कोणी पाहिलें नव्हतें. त्यानें आपण होऊन एक टोला लावून घेतला. अखेरीस विली मॅकफार्लेनशीं त्याची बरोबरी झाली आणि जादा फेरींत मॅकफार्लेन जिंकला. त्या एका टोल्यानें अजिंक्यपद गेलें.

मिसळीच्या पैजेसाठीं एवढें कोण करील, असें कोणी विचारील. पण या फेरीचें कार्ड हॅंडिकॅपसाठीं दाखल करावयाचें असेल तर पैज मिसळीपुरती राहत नाहीं. २०२० सालीं सुरू झालेल्या जागतिक हॅंडिकॅप पद्धतींत, नियमांप्रमाणें खेळलेल्या साध्या फेरीचें कार्डही धरलें जाऊं शकतें. आणि त्या आंकड्यावर पुढच्या स्पर्धेंत परक्या माणसाला किती टोल्यांची सूट मिळावी अथवा द्यावी लागावी, हें ठरतें. "एवढा जवळचा आहे, दिला तुला" ही दिलदारीही समोरासमोरच्या सामन्यांतच कायदेशीर आहे. टोले मोजून खेळतांना चेंडू होलमध्यें गेलाच पाहिजे, मग तो वीतभर कां असेना.

आणि निर्णयच होत नसेल तर? डॉक्टर म्हणतात सवलत आहे, वकील म्हणतात नाहीं, पुस्तक गाडींत राहिलें आहे आणि मागून दुसरी मंडळी ताटकळत उभी आहेत. टोले मोजण्याच्या खेळांत यावर फार शहाणपणाचा उपाय आहे: खेळाडूनें दोन चेंडू खेळावे. पुढचा टोला मारण्यापूर्वीं त्यानें दोन्ही खेळणार असल्याचें सांगावें, आणि नियम परवानगी देत असतील तर कोणता धरावयाचा तेंही सांगावें. मग दोन्ही पुरे करून दोन्ही आंकडे लिहून ठेवावे. समोरासमोरच्या सामन्यांत हा उपाय नाहीं. तेथें आपसांत ठरवावें, किंवा हरकत वेळेवर नोंदवून नंतर समितीला विचारावें. दोन्ही चेंडूंचे टोले सारखेच झाले तरी कार्ड देण्यापूर्वीं घडलेली हकीकत समितीस कळवावीच लागते. न कळविल्यास खेळाडू बाद होतो.