दार न फोडता पडलेला दरोडा

दरोडा म्हटला की फुटलेले दार डोळ्यांपुढे येते. परंतु ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले, आणि एकही कुलूप तुटले नाही! ११ तारखेला दुसरा शनिवार, बँक बंद. एटीएम यंत्रांना बँकेऐवजी चोरांचीच यंत्रणा ‘पैसे द्या’ असे उत्तर देत होती. बनावट कार्डांनी २८ देशांत नोटा निघाल्या, आपल्या कोल्हापुरातही. २०२३ साली पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा सुनावली.

बारामती-इंदापूरकडच्या ऊसकऱ्याचे बिलही आज बँकेतच जमा होते. तेव्हा आपल्या सहकारी बँकेच्या वार्षिक सभेत लाभांशाबरोबर हेही अवश्य विचारा : सुट्टीच्या दिवशी संगणकावर पहारा कोणाचा?