सेवेचा सप्ताह : रविवार आणि त्यानंतरचे दिवस

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



मी विद्वान नाही. एका तालुक्याच्या गावी रोटरीचे काम करणारा साधा कार्यकर्ता आहे. म्हणून आज तत्त्वचर्चा न करता माझ्या सेवाकार्यातील एका धावपळीच्या सप्ताहाची हकिकत आपल्यापुढे ठेवणार आहे. तीत माझी एक चूकही आहे. ती सांगितल्याखेरीज ही हकिकत पूर्ण होणार नाही.

२३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागो शहरात पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने तीन स्नेह्यांसह रोटरीचा पाया घातला. ऐंशी वर्षांनी, १९८५ मध्ये, या संघटनेने पोलिओचे जगातून उच्चाटन करण्याचा संकल्प सोडला. आपल्या देशात १९९५ पासून पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. शासनाची आरोग्ययंत्रणा, अंगणवाडी सेविका आणि आमच्यासारखे स्वयंसेवक त्यात खांद्याला खांदा लावून उभे राहिले.

२००५ सालच्या हिवाळ्यातील ही गोष्ट. क्लबचा सचिव या नात्याने सप्ताहाचे सारे नियोजन माझ्याकडे होते. शनिवारी रिक्षावर ध्वनिक्षेपक लावून गल्लोगल्ली पुकारा केला, फलक बांधले, बूथवरच्या मंडळींच्या चहा-नाश्त्याची व्यवस्था लावली. रविवारी सकाळी मान्यवरांच्या हस्ते श्रीफळ वाढवून उद्घाटन झाले. बर्फाच्या पेट्यांतून लस आली. पाच वर्षांखालील प्रत्येक बाळाच्या मुखात दोन थेंब आणि डाव्या करंगळीवर शाईची खूण. आम्ही मुलांना शिट्ट्या वाटल्या. सायंकाळपर्यंत गर्दी ओसरली. छायाचित्रे निघाली. त्याच रात्री मी 'मोहीम शंभर टक्के यशस्वी' असे वृत्त लिहून स्थानिक पत्राकडे धाडलेसुद्धा!

बंधू-भगिनींनो, खरा सप्ताह त्यानंतर सुरू होतो, हे मला ठाऊक नव्हते. रविवारच्या बूथनंतर ग्रामीण भागात साधारण तीन दिवस आणि शहरांत पाच दिवस पथके घरोघर फिरतात. ज्या घरातील सर्व मुलांना डोस मिळाला, त्या घरावर खडूने 'पी' लिहितात. मूल राहिले असेल किंवा घराला कुलूप असेल, तर 'एक्स' लिहितात आणि त्या घरी पुन्हा जावे लागते.

बुधवारी दुपारी आमच्या पथकातील अंगणवाडी सेविका माझ्या दुकानी आल्या. साखर कारखान्यामागच्या माळावर ऊसतोड मजुरांच्या कोप्या होत्या. त्या दोनदा जाऊन आल्या होत्या, पण कोप्यांत कोणी नव्हते. मी सहज म्हणालो, "बाई, कोणी नाही तर नाही. आपला आकडा तर पूर्ण झाला आहे." त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "साहेब, कोप्या रिकाम्या आहेत म्हणजे लेकरं नाहीत असं नाही. पहाटेच ती आईबापांबरोबर फडावर जातात. आपल्या यादीत ती नव्हतीच, म्हणून आकडा पूर्ण झाला."

त्या वाक्याने मी वरमलो. त्या सायंकाळी क्लबची साप्ताहिक सभा आणि पाहुण्यांचा सत्कार होता. सत्काराची शाल माझ्याकडेच होती. ती एका मित्राच्या हाती देऊन मी लसीची पेटी उचलली आणि बाईंच्या मागोमाग माळावर गेलो.

अंधार पडला होता. चुली पेटत होत्या. मुकादम पुढे आले. त्यांचा एक पाय लहानपणापासून वाळलेला होता. आम्ही कशासाठी आलो, हे ऐकताच ते काठी टेकत प्रत्येक कोपीच्या तोंडाशी जाऊन हाका मारू लागले. स्वतःच्या पायाविषयी ते एक अक्षरही बोलले नाहीत. बाईंनी विजेरीच्या उजेडात प्रत्येक कुपीवरील खूण निरखून पाहिली. वर्तुळातील चौकोन वर्तुळापेक्षा फिकट असेल तरच लस चांगली समजावी. एकेक करंगळी मी उजेडात धरत होतो. एकीवरही शाई नव्हती. सतरा मुले निघाली. एका मातेने विचारले, "रविवारी गावात पोरांना शिट्ट्या दिल्या म्हणे. आमच्याकडं का नाही आलात?" माझ्यापाशी उत्तर नव्हते.

ही सतरा मुले राहिली असती तर काय बिघडले असते, असे कोणास वाटेल. या रोगाचे स्वरूपच असे आहे की, विषाणू शिरलेल्या साधारण दोनशेंपैकी एकालाच कायमचे पंगुत्व येते. बाकीचे धडधाकट दिसतात आणि नकळत विषाणू पसरवतात. लस न मिळालेली मुले हाच त्याचा आसरा. म्हणूनच सर्वांना एकाच वेळी डोस द्यायचा, हे या मोहिमेचे मर्म आहे. मजुरांची वस्ती तर हंगाम संपताच दुसऱ्या जिल्ह्यात जाणार, आणि विषाणूही तिच्यासोबत जाणार.

२००९ मध्ये देशात पोलिओचे ७४१ रुग्ण होते. २०१० मध्ये ते ४२ वर आले. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात शेवटचा रुग्ण आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त घोषित झाला. शेजारच्या पाकिस्तान व अफगाणिस्तानात मात्र हा विषाणू अद्याप टिकून आहे, म्हणून सावधगिरी सुटलेली नाही. हे यश रविवारच्या छायाचित्रांनी मिळाले नाही. 'एक्स' लिहिलेल्या दारी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा गेलेल्या पावलांनी ते मिळवले.

दुसऱ्या दिवशी मी पत्राच्या कार्यालयात जाऊन वृत्तातील 'शंभर टक्के' हे शब्द काढून टाकले. तेव्हापासून आमच्या प्रत्येक उपक्रमाच्या अहवालात एक रकाना वाढला आहे : 'कोण राहिले?' रक्तदान असो, नेत्रशिबिर असो वा वह्यावाटप, तो रकाना भरल्यावाचून अहवालावर सही होत नाही. पुष्कळदा तो भरताना लाज वाटते. पण पुढच्या सप्ताहाचे काम त्यातूनच ठरते.

पन्नास वर्षांच्या या टप्प्यावर आपण केलेल्या कार्याची गणना अवश्य करावी. त्याचबरोबर राहिलेल्यांचीही एक यादी करावी, एवढीच माझी नम्र विनंती आहे.