भूमी राखली तर धर्म राहतो

इंडोनेशियातील हिंदुबहुल बाली बेटावर जतिलुविह हे भातशेतीचे गाव आहे. तेथे पाण्याचे वाटप ‘सुबक’ ही शेतकऱ्यांची संस्था करते. तिचे केंद्र जलमंदिर. देव, मानव आणि निसर्ग यांचे सामंजस्य सांगणारे ‘त्रिहितकरण’ हे तिचे अधिष्ठान. २०१२ साली युनेस्कोने या व्यवस्थेस जागतिक वारसा मानले.

इंडोनेशियाच्या १९६० च्या भूमिविषयक कायद्याने परकीयांना जमिनीची पूर्ण मालकी मिळत नाही. तरीही बालीत दीर्घ भाडेपट्ट्यांनी अनेक शेते पर्यटकांच्या बंगल्यांखाली गेली. शेत गेले की पाट तुटतो आणि जलमंदिराचा एक उपासक उणावतो. कायदा मालकी राखेल. शेत मात्र गावाच्या निर्धारानेच राखले जाईल.