निळू फुले : नकलेपलीकडचा नट

(थळ येथील सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



निळू फुले यांचे नाव निघाले की आजही कुणीतरी आवाज घोगरा करून वाड्यावरच्या पाटलाची नक्कल करतो आणि हशा पिकतो. १३ जुलै २००९ रोजी दिवंगत झालेल्या या नटाचे एवढेच स्मरण उरावे, हे निदान कार्यकर्त्यांनी तरी मान्य करता कामा नये.

फुले घडले ते राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात. पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करून उपजीविका चालवायची आणि उरलेल्या वेळात लोकनाट्य करायचे, अशी ती वर्षे होती. 'कथा अकलेच्या कांद्याची' या वगनाट्याने त्यांना नाव दिले. १९६८ च्या 'एक गाव बारा भानगडी'ने त्यांना पडद्यावर आणले. १९७२ मध्ये तेंडुलकरांचा सखाराम बाइंडर रंगभूमीवर उभा केला तोही त्यांनीच. वगातला सोंगाड्या आणि सखाराम यांत केवढे अंतर!

तरी त्यांच्या अभिनयाची खरी व्याप्ती कळते ती जब्बार पटेल यांच्या दोन चित्रपटांत. १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेलेल्या 'सामना'त ते हिंदुराव धोंडे पाटील झाले. शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर उभा राहिलेला सहकार एका माणसाची जहागीर कसा बनतो, हे अर्थशास्त्राच्या ग्रंथापेक्षा हिंदुरावांच्या अगत्यातून अधिक स्पष्ट होते. हा सत्ताधीश ओरडत नाही. त्याला ओरडण्याची गरजच नसते. १९७९ च्या 'सिंहासन'मध्ये तेच फुले पत्रकार दिगू टिपणीस झाले. दिगूला सारे दिसते, पण त्याच्या हाती काहीच नाही. सत्ता भोगणारा आणि सत्तेपुढे हतबल झालेला, दोघेही एकाच नटाने तितक्याच खरेपणाने उभे केले. सत्ता खालून कशी दिसते, हे त्यांनी पाहिलेले होते.

पडद्याबाहेर हे भान सुटले नाही. पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मानधन मिळावे म्हणून उभारलेल्या सामाजिक कृतज्ञता निधीसाठी डॉ. श्रीराम लागू आणि इतर कलावंतांबरोबर त्यांनी 'लग्नाची बेडी'चे प्रयोग केले.

थळच्या या किनाऱ्यावर ऊस नाही, साखर कारखाना नाही. पण मच्छीमारांच्या सोसायट्या आहेत, आणि १९८० च्या दशकात उभा राहिलेला खत कारखाना आहे. सोसायटीत निर्णय कोण घेतो, कारखान्यासाठी जमीन कुणाची गेली आणि नोकरी कुणाला लागली, हे प्रश्न 'सामना'तल्या प्रश्नांचेच सगेसोयरे आहेत. शाखांनी हा चित्रपट गावोगाव दाखवावा आणि त्यानंतर तासभर चर्चा ठेवावी. निळूभाऊंचे स्मरण करण्याची ती उचित रीत होईल.