हळू आवाजाचें गीत
(ज्युबिलीच्या संगीतसभेंत झालेलें भाषण)



आपल्या आवडत्या संगीताविषयीं चार शब्द बोलावे, अशी मला आज्ञा झाली आहे. मी गायनवृंदांत बेसच्या रांगेंतला. तेव्हां माझी आवड ही खालच्या सुरांतून पाहिलेली आहे, हें आधींच सांगून टाकतों.

कठीण गीत म्हटलें कीं बहुतेकांस हेंडेलचा 'हालेलुया' कोरस आठवतो. तो कठीण खरा, पण तेथें शेजाऱ्याच्या आवाजाखालीं आपला आवाज झांकतां येतो. मला याहून अवघड, आणि म्हणूनच अधिक प्रिय, वाटतें तें मोझार्टचें 'आवे वेरूम कॉर्पुस'.

तें त्यानें १७ जून १७९१ रोजीं, ख्रिस्तशरीराच्या सणाच्या तोंडावर, व्हिएन्नाजवळील बाडेन गांवीं लिहिलें. तेथील शाळामास्तर व चर्चचे गायनप्रमुख आंटोन श्टोल हे त्याचे स्नेही. त्यांच्यासाठीं ही भेट. (गोव्याच्या जुन्या पारोकियल शाळांतून मुलांस सॉल्फेज शिकविणाऱ्या मास्तरांची येथें कोणास आठवण यावी!) म्हणजे हें राजदरबारचें गीत नव्हे, आपल्यासारख्याच एका धर्मग्रामाच्या वृंदासाठीं तें रचलेलें आहे. सहा महिन्यांच्या आंत, ५ डिसेंबरला, मोझार्ट वयाच्या ३५ व्या वर्षीं वारला.

सारें गीत अवघें ४६ बारांचें. चार आवाज, तंतुवाद्यें आणि ऑर्गन. आरंभीं एकच सूचना: दबल्या आवाजांत. हीच मेख आहे. हळू गातांना श्वास पुरत नाहीं, आणि श्वास सुटला कीं स्वर उतरतो. म्हणून आम्ही तालमींत ऑर्गन बंद ठेवून गातों व शेवटीं एक पट्टी दाबून पाहतों. कित्येक संध्याकाळीं आम्ही अर्धा स्वर खालीं उतरलेले असतों. शेजारी श्वास घेईल तेथें आपण घ्यावयाचा नाहीं, हा नियम सांगावयास सोपा. पाळावयास महिने लागतात.

शेवटल्या कडव्यांत स्त्रिया ओळ उचलतात आणि टेनर व बेस तिला मागून उत्तर देतात. तेथें मरणसमयाचा उल्लेख आहे, आणि तो शब्द मोझार्टनें फार लांबविला आहे. आमच्यांतील एका ज्येष्ठ टेनरच्या अंत्यविधीला आम्ही हें गीत गाइलों. उत्तराची वेळ आली तेव्हां त्या बाजूनें नेहमीं पहिला उठणारा आवाज पेटींत निजला होता. दाटलेल्या गळ्यानें हळू गातां येत नाहीं; मोठ्यानें गाणें त्या दिवशीं सोपें झालें असतें. आम्ही हळूच गाइलों.

आज सभेच्या अखेरीस तेंच गीत होईल. त्यांच्या जागीं सतरा वर्षांचा एक मुलगा उभा राहणार आहे. आवाज खणखणीत आहे. तो आवरावयास शिकवितांना आमच्या ऑर्गनवादकांचा दीड महिना गेला.