वाड्यापासून बंदरापर्यंत



 

आजच्या परिषदेचा विषय मांसनिर्यातीचा असला तरी त्याची सुरुवात दावणीलाच होते. जानेवारी २०२५ मध्ये बर्लिनजवळ म्हशींच्या एका छोट्या कळपात लाळ्या-खुरकूत हा जनावरांचा संसर्गजन्य रोग आढळला. जर्मनीत १९८८ नंतर पहिल्यांदाच. लगेच ब्रिटन आणि दक्षिण कोरियाने तिथले मांस घेणे थांबवले. आपल्याकडे तर हा रोग पिढ्यान्‌पिढ्या मुक्कामाला आहे. रोगमुक्त देश सहसा आपले मांस घेत नाहीत, म्हणून आपले म्हशीचे मांस व्हिएतनाम, मलेशिया, इजिप्तला जाते, तेही हाडे व गाठी काढून, आम्लता तपासून, गोठवून. शेळी-मेंढीच्या मांसालाही हाच रोग आडवा येतो.

२०१९ साली राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. २०३० पर्यंत लाळ्या-खुरकुताचे निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट, आणि रोगमुक्त क्षेत्रासाठी निवडलेल्या राज्यांत महाराष्ट्र आहे. हे होण्यासारखे आहे. एकेकाळी बुळकांडी या गुरांच्या रोगानेही गोठेच्या गोठे रिकामे केले होते, पण तोही हटला. २००६ मध्ये भारत बुळकांडीमुक्त जाहीर झाला.

मला खरी काळजी मेंढपाळांची वाटते. दिवाळी झाली की त्यांचे वाडे, म्हणजे मेंढरांसह फिरणारी बिऱ्हाडे, कोकणाकडे उतरतात, पावसाच्या तोंडावर परततात. लसीकरणाचे पथक गावात येते, तेव्हा वाडा घाटाखाली असतो. मेंढीत या रोगाची लक्षणे सौम्य असतात, चटकन ध्यानात येत नाहीत. विषाणू मात्र कळपाबरोबर चालत राहतो. मग मेंढरे बसवलेल्या रानाशेजारी एखादी संकरित गाय लाळ गाळू लागली की बोट मेंढपाळाकडे जाते. हा अन्याय आहे. लस त्याच्यापर्यंत पोचवली नाही, हा दोष त्याचा कसा? वाडा निघण्याआधी लस टोचली पाहिजे. राहिलेल्यांसाठी वाटेवरच्या दवाखान्यांत, दोन ते आठ अंशांत जपलेली लस तयार हवी. जनावराच्या कानातला बारा अंकी ओळख-बिल्ला पाहून दुसऱ्या जिल्ह्यातल्या डॉक्टरांनीही ती टोचावी.

म्हणून दुपारच्या सत्रातली पहिली वेळ आम्ही मेंढपाळांना दिली आहे. अधिकाऱ्यांनी आणि निर्यातदारांनी आधी त्यांचे ऐकावे आणि वाड्यांच्या वाटा धरूनच लसीकरणाचे वेळापत्रक आखावे, अशी माझी हात जोडून विनंती आहे.