आधी ताट, मग ग्लास
(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कार्यक्रमपत्रिकेत 'व्हाइट वाइन आणि आपलं जेवण' असं छापून आल्यापासून जिन्यात, गेटवर एकच प्रश्न ऐकतेय, "बाटली आणणार का?" नाही आणलेली. दारूपायी काही घरांना किती सोसावं लागतं, हे आपण सगळे जाणतो. आज कुणालाही इथून उठून जावंसं वाटू नये, म्हणून तुमच्या हातात फक्त ताटली दिली आहे. तीत लिंबाची फोड, गुळाचा खडा आणि दोन कोथिंबीर वड्या आहेत. चव समजून घ्यायला एवढं पुरतं.

विषय तसा लांबचा नाही. शहाडवरून कसारा लोकल ज्या मार्गानं जाते, तोच मार्ग पुढे घाट चढून नाशिकला जातो. तिथे राजीव सामंत यांच्या सुला कंपनीनं २००० साली सोविन्यों ब्लाँ आणि शेनॅं ब्लाँ या दोन फ्रेंच जातींच्या द्राक्षांची वाइन बाजारात आणली. 'ब्लाँ' म्हणजे पांढरं. २००१ मध्ये राज्य सरकारचं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आलं. आपण खातो ते थॉमसन सीडलेस बिनबियांचं. वाइनचं द्राक्ष बारीक, जाड सालीचं आणि बियांचं असतं.

आता 'ब्लेंड'. हे मिश्रण आहे, भेसळ नव्हे. सोविन्यों ब्लाँमध्ये आंबटपणा चढा. वास पेरूचा, ओल्या गवताचा. शेनॅं ब्लाँमध्ये सफरचंद, मध अशा छटा आणि थोडा भरीवपणा. एकीत जे कमी, ते दुसरीनं भरून काढायचं. फ्रान्समधल्या बोर्डो भागात सोविन्यों ब्लाँमध्ये सेमियों मिसळतात, तेही यासाठीच. आपण आमटीत चिंचेबरोबर गूळ घालतो, त्यातलाच हा प्रकार.

चला, लिंबू चाटा. डोळे मिटले ना? आता एक वडी खा आणि पुन्हा लिंबू चाटा. या वेळी लिंबू सौम्य लागलं, तोंडातला तेलकटपणाही गेला. मिठानं आंबटपणाची धार कमी होते आणि आंबटानं तेल कापलं जातं. आता गुळाचा खडा चघळा, मग लिंबू. बाप रे! गोडानंतर आंबट दुप्पट झोंबतं. जोडी जमवण्याचं निम्मं शास्त्र यात आलं.

म्हणून कोरडी, म्हणजे गोड नसलेली, ब्लेंडेड व्हाइट वाइन तळलेल्या, खारट पदार्थांशी जमते: सुरमई फ्राय, कोळंबी, अळूवडी, साबुदाणा वडा. हिरवी चटणी भरलेलं पापलेट किंवा आपल्या सिंधी शेजाऱ्यांकडची साई भाजी असेल, तर तिच्यातला तो हिरवा वास जास्तच खुलतो. पुरणपोळीशी मात्र बिलकूल नको. वाइन नुसती आंबट लागेल. झणझणीत रश्शाबरोबरही कोरडी नको, कारण अल्कोहोलमुळे तिखट आणखी भडकतं. तिथे किंचित गोडसर वाइन बरी. आणि फार आंबट आमटीपुढे वाइन पचपचीत होते.

पद्धत सोपी आहे. बाटली दोन-अडीच तास फ्रिजमध्ये ठेवावी. ग्लासात बर्फ टाकू नये, चव पातळ होते. ग्लास एक तृतीयांशच भरायचा आणि दांडीला धरायचा, म्हणजे हाताची ऊब लागत नाही. हलकेच फिरवून आधी वास घ्यावा, मग छोटा घोट. मग एक घास, पुन्हा घोट. पहिल्या आणि दुसऱ्या घोटात काय बदललं, तेवढंच बघायचं. बाटलीची किंमत त्यानंतर विचारायची. उरलेली वाइन झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवावी आणि दोन-तीन दिवसांत संपवावी. संपवायचीच म्हणून त्याच रात्री संपवू नये.

शेवटचं सांगते. वाइनमध्येही अल्कोहोल असतंच. "द्राक्षाचा रसच आहे, घे रे" असा आग्रह कुणी कुणाला करू नये. जो 'नको' म्हणेल, त्याला कारण विचारू नये; कारण सांगणं कधीकधी फार जड असतं. त्याच्यापुढे बिनसाखरेचं लिंबूपाणी ठेवा. वडीशी तेही तितकंच छान जमतं, हे तुम्ही आत्ताच अनुभवलंत.

ज्यांच्या वड्या संपल्या असतील त्यांच्यासाठी मागच्या टेबलावर अजून आहेत.